चाक बदलणे, वेळ चाळीस मिनिटे

चिठ्ठीवर दोनच शब्द होते: चाक बदलणे.

दहाअकराने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं. तिने ती प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आणि डब्यात अजून चिठ्ठ्या आहेत का, असं जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. डब्यात भरपूर होत्या. पण नियम एकाच चिठ्ठीचा होता, आणि तो भाऊसाहेबांनी, म्हणजे संस्थेच्या हेडक्लार्कनी, उभं राहून वाचून दाखवला. उमेदवाराने निघालेल्या विषयावर चाळीस मिनिटांत प्रात्यक्षिकासह धडा घ्यावा. धडा वेळेत पूर्ण व्हावा. ‘पूर्ण’ या शब्दाखाली लाल शाईची रेघ होती. वाचून झाल्यावर भाऊसाहेबांनी ती रेघही तिला दाखवली.

तीन आठवडे ती गिअरबॉक्सची तयारी करत होती. तिचा नवरा शिंपी. त्याने दुकान सांभाळून, जाड कॅनव्हासवर खडूने आखून, गिअरची सात दातेरी चाकं कापून दिली होती; शेजारी शेजारी ठेवून फिरवली की दातात दात बसत. ती गुंडाळी सुतळीने बांधून तिने काखेत धरली होती. आता तिचा काही उपयोग नव्हता, पण ठेवणार कुठे, म्हणून ती काखेतच राहिली.

दहाअकरा हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. एकोणीस वर्षांची असताना ती मामाच्या गॅरेजात लागली. गाडीखालून मामाचा हात बाहेर यायचा आणि त्याने ‘दहा-अकरा’ म्हणायच्या आत त्या मापाचा पाना तिने हातात ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकांना वाटलं, मामा तिलाच हाक मारतोय. तेव्हापासून हे नाव चिकटलं. पुढे तिने पंक्चर काढली, चाकांचा तोल साधला, पत्र्याचे पोचे काढले, रंग जुळवले, वायरिंग केलं, सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळला, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबले, आणि शेवटची काही वर्षं अपघातातल्या गाड्या पाहून कुठे काय मोडलं याचे अहवाल लिहिले. सव्वीस वर्षांत नऊ कामं. एका कामातली गोम कळली की तिला पुढची कळून घ्यायची घाई व्हायची. घरी कुणी चौकशी केली की सासूबाई सांगायच्या, सून गाडीतच असते, पण सध्या कुठल्या भागात असते ते तिलाच विचारा.

नऊही ठिकाणी एक गोष्ट मात्र सारखी झाली होती. नवीन माणूस आला की मालक म्हणायचा, हिच्याकडे द्या, ही शिकवील. शिकवणं हेच आपलं काम आहे हे तिच्या उशिरा ध्यानात आलं; पाठीच्या मणक्याने असहकार पुकारल्यावर आणि डॉक्टरांनी गाडीखाली झोपायला साफ मनाई केल्यावर. गाडीदुरुस्ती शिकवणाऱ्या या संस्थेत शिक्षकाची एक जागा निघाली होती. वयाची मर्यादा ती अकरा दिवसांनी ओलांडणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही, इतका हिशोब सरळ होता.

सकाळी एक पदवीवाला तरुण धडा देऊन गेला होता. विषय ‘इंजिनाचे प्रकार’. फळ्यावर चार आकृत्या काढून त्याने अडतीस मिनिटांत काम संपवलं आणि उरलेल्या दोन मिनिटांत फळा पुसला. आता तो निकालाची वाट पाहत व्हरांड्यात बसला होता, शर्टाला एक सुरकुती न पडू देता.

मार्क देणार होते ते तज्ज्ञ सदस्य. गाडीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले साहेब. अंगात कोट, खिशाला पेन, चेहऱ्यावर हसू आणायची सवय नाही. विषय ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडली. दहाअकराला वाटलं, इतका क्षुल्लक विषय ऐकून त्यांना कमीपणा वाटला असावा. तसं वाटणं चूकही नव्हतं. चाक बदलायला तिला स्वतःला सात मिनिटं लागत. उरलेली तेहतीस मिनिटं काय बोलायचं, हीच तिची त्या वेळची काळजी होती.

वर्कशॉपच्या शेडमध्ये बावीस विद्यार्थी अर्धगोल करून उभे होते. मधोमध संस्थेची गाडी. कुणीतरी देणगी दिलेली, सहा वर्षं एकाच जागी उभी. हिच्यावर सहा तुकड्या चाक काढायला शिकल्या होत्या आणि प्रत्येक तुकडीने नटांवर आपली आठवण ठेवली होती. षट्कोनी नट झिजून गोट्यांसारखे गोल झाले होते. पाना लावला की तो गरगर फिरायचा आणि नट जागचा हलायचा नाही.

भाऊसाहेबांनी घड्याळ सुरू केलं.

दहाअकराने घाई केली नाही. नट गोल का होतो ते तिने आधी सांगितलं: पाना अर्धवट बसवून जोर लावला की कोपरे कापले जातात, आणि मग दोष नटाला दिला जातो. नंतर तिने एक माप लहान पाना घेतला, हातोडीने ठोकून तो गोल नटावर चढवला आणि दांड्याला नळी अडकवून हळूहळू जोर लावला. पहिला नट सुटला. मुलं पुढे सरकली. दुसरा सुटला, तिसरा सुटला. चौथाही आला, पण एकटा आला नाही. तो ज्या आट्यांच्या खुंटीवर बसतो ती खुंटीही मोडून त्याच्याबरोबर बाहेर आली.

तिने तो तुकडा सगळ्यांच्या हातात फिरवला. मोडलेला लोखंडाचा तुकडा आतून कसा दिसतो ते पाहून घ्या, म्हणाली. जुनी भेग काळी दिसते, नवी चकचकते. तज्ज्ञ साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चाक निघालं होतं. आता स्टेपनी लावली की झालं.

स्टेपनी कुठे आहे, असं विचारल्यावर मुलं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक मुलगी म्हणाली की फाटकाजवळ आहे. दोघं जण आणायला गेले आणि हात हलवत परत आले. फाटकापाशी ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असा फलक उभा होता. तो वाऱ्याने पडायचा, म्हणून संस्थेची स्टेपनी आडवी टाकून, मध्ये फलकाचा खांब उभा करून, तिच्यात सिमेंट ओतलं होतं. भाऊसाहेबांनी खुलासा केला की हे काम रीतसर मंजुरी घेऊन झालेलं आहे आणि तेव्हापासून फलक एकदाही पडलेला नाही.

“म्हणजे धडा इथे संपला असं धरायचं,” तज्ज्ञ साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात तिला किंचित सुटकाही ऐकू आली.

“नाही साहेब. चाक काढून झालंय. बदलायचं राहिलंय.”

एकवीस मिनिटं झाली होती. दुसरी गाडी मिळाली तर वेळेत होईल, असं ती प्राचार्यांना म्हणाली. प्राचार्य भले गृहस्थ होते, आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी अजून काढलं नव्हतं. ती गाडी कुणीतरी आपणहून मागावी याची ते बहुधा दोन महिने वाट पाहत असावेत. त्यांनी ती स्वतः चालवत शेडच्या दारापाशी आणली.

दहाअकराने विद्यार्थ्यांना जॅकला हात लावू दिला नाही. आधी डिकी बघायची, म्हणाली. गाडी उचलून चाक काढल्यावर डिकीत दुसरं चाकच नाही असं कळलं, तर माणूस तीन चाकांच्या गाडीपाशी रस्त्यात बसून राहतो. तिने डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला. तिथे चाक नव्हतं. चाकाच्या जागी हवा भरायचा एक छोटा पंप होता आणि एक बाटली.

अलीकडे बऱ्याच गाड्यांत असंच देतात, असं ती समजावून सांगत होती, पण प्राचार्यांना ते पटेना. दोन महिने आपण घरच्यांना घेऊन डोंगरदऱ्यांतून फिरलो ते काय चार चाकांवर, असं त्यांनी विचारलं. चाक आतच कुठेतरी असणार, असं म्हणत त्यांनी डिकीतलं सगळं बाहेर काढायला लावलं. बॅडमिंटनच्या रॅकेटी निघाल्या, घडीची खुर्ची निघाली, नातवाचे बूट निघाले. चारही दारं उघडून सीटखालीही पाहिलं. मग त्यांनी ती बाटली उचलली. चष्मा टेबलावर राहिला होता, म्हणून लांब धरून लेबल वाचायचा प्रयत्न केला आणि वाचता वाचता झाकण पिळलं.

बाटलीतून पांढरा चिकट फेस निघाला तो थांबेचना. शर्ट झाला, पँट झाली, बूट झाले.

“हा द्रव टायरच्या आत सोडतात,” दहाअकरा विद्यार्थ्यांना म्हणाली. “भोकापाशी जाऊन घट्ट होतो आणि भोक बुजतं.” मग प्राचार्यांकडे वळून तिने अदबीने सांगितलं, “सर, दहा मिनिटांत वाळतो. त्याच्या आत पँट काढलेली बरी.”

प्राचार्य गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या अंगात वर्कशॉपचा निळा डांगरी झगा होता. खिशावर ‘तुकडी ब’ असं शिवलेलं होतं. कोणी हसलं नाही. हसू नये म्हणून बावीस जणांनी जमिनीकडे पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

आवारात आता एकच गाडी उरली होती. ती तज्ज्ञ साहेबांची. जुनी, पण आरशासारखी पुसलेली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

“माझ्या गाडीला एकोणीस वर्षांत एकदाही पंक्चर नाही,” साहेब म्हणाले.

दहाअकरा म्हणाली की मग तर फारच छान, एकोणीस वर्षं न उघडलेले नट कसे सोडवायचे ते मुलांना एरवी बघायला मिळत नाही. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, परत ठेवली. शेवटी, लहान मूल इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे द्यावं तशी त्यांनी किल्ली तिच्याकडे दिली.

ती गाडी शेडमध्ये आणली. तिच्या डिकीत स्टेपनी होती. जॅकही होता, कारखान्यातून निघताना गुंडाळलेल्या तेलकट कागदात जसाच्या तसा. मघाचीच ती मुलगी म्हणाली, “साहेब, हा कधी वापरलाच नाही का?” साहेब त्या वेळी समोरच्या झाडाकडे पाहत होते.

मग दहाअकराचे हात मोकळे सुटले. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे, उचलल्यावर नाही, कारण मग चाकच फिरतं. नटांवर तेल सोडायचं, थोडं थांबायचं, पायाने नव्हे, अंगाच्या भाराने दाबायचं. पुढचं डावं चाक निघालं. ते तिने लगेच गाडीखाली आडवं सरकवलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. पाचही नट चाकाच्या टोपीत ठेवून टोपी बाजूला ठेवली. हे सगळं ती ज्या लयीत करत होती ते पाहून मागच्या रांगेतल्यांनीही वह्या काढल्या.

स्टेपनीत हवा अजिबात नव्हती. टायरवरचे चार आकडे कसे वाचायचे ते तिने दाखवलं: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. टायर वर्गातल्या प्रत्येकापेक्षा वयाने मोठा निघाला. कडेला बारीक भेगांचं जाळं होतं. हा रस्त्यावर न्यायचा नाही, म्हणाली. पण चाक लावून दाखवण्यापुरता थोडासा, हळूहळू फुगवू, आणि सगळ्यांनी भिंतीच्या आड उभं राहायचं. हवा भरायला प्राचार्यांच्या गाडीतला पंप कामी आला. त्याची वायर तोकडी होती, म्हणून ती गाडी, दारं आणि डिकी सताड उघडी असलेली, सहा जणांनी ढकलत जवळ आणली. पंप घरघरू लागला.

“वेळ झाली,” भाऊसाहेब म्हणाले.

त्यांच्या हातातलं घड्याळ खरं बोलत होतं. चाळीस मिनिटं. एक गाडी खुंटी मोडून पडलेली, दुसरी सगळं सामान ओकून उभी, तिसरी जॅकवर टांगलेली. पदवीवाला काय चाललंय ते पाहायला दारात आला होता. तज्ज्ञ साहेबांनी वही मिटली. प्राचार्य झग्याच्या बाह्या सावरत म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम, आता थांबावं.

दहाअकराला नवऱ्याने कापलेली चाकं, पाठीचे एक्स-रे, अकरा दिवस, सगळं एकदम आठवलं. क्षणभर तिला वाटलं, हात पुसावेत आणि निघावं. मग तिचं लक्ष जॅककडे गेलं.

“गाडी जॅकवर सोडून कोणी जायचं नाही,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. “वेळ संपो, नाहीतर नोकरी जावो. हे लिहून घ्या.”

मुलांनी लिहून घेतलं. काहींनी नोकरीचंही लिहिलं.

तेवढ्यात टायर फुटला. फार मोठा आवाज झाला नाही, पण अनपेक्षित होता. भिंतीच्या आड नसलेला एकच माणूस होता, दारातला पदवीवाला. तो जागच्या जागी उडाला आणि खाली आला तो चाकाच्या टोपीवर. टोपी घरंगळत गेली, नट उधळले. एक दहाअकराच्या पायाशी थांबला. चार नट शेडच्या कडेच्या गटारावरच्या जाळीतून, एकामागून एक, पाण्यात पडल्याचा आवाज करत गेले. पदवीवाल्याने शर्टाकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं, निकाल पत्राने कळवा असं सांगितलं आणि तो बससाठी निघून गेला.

जाळी सिमेंटमध्ये पक्की बसवलेली होती. हेही काम रीतसर मंजुरीने झालेलं होतं. प्राचार्यांनी गवंडी बोलवायचं सुचवलं. दहाअकराने फडताळावर नजर फिरवली. वायरिंगच्या दिवसांत तिने गाड्यांचे शेकडो स्पीकर बसवले आणि काढले होते, आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीला चांगला दणकट चुंबक असतो. कोपऱ्यात पडलेला एक फुटका स्पीकर तिने खोलला, चुंबक काढला, कॅनव्हासच्या गुंडाळीची सुतळी सोडून त्याला बांधली आणि जाळीच्या फटीतून खाली सोडली.

पहिल्या खेपेला नट आला नाही. चौदाचा पाना आला, चिखलाने माखलेला. त्याच्यावर पिवळ्या रंगाने संस्थेच्या यादीतला आकडा टाकलेला होता. भाऊसाहेब पुढे झाले, त्यांनी तो पाना रुमालाने पुसला आणि आकडा दोनदा वाचला.

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर त्यांनी संस्थेत कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आठ वर्षं वर्कशॉपमधली हत्यारं नाहीशी होत होती. दर तपासणीला साहेब लोक यादी वाचायचे आणि अखेरीस भाऊसाहेबांकडे बघायचे. कोणी आरोप केला नव्हता. पण तसं बघणं पुरेसं होतं. शेडच्या फरशीला उतार होता, हातातून निसटलेलं सगळं गटाराकडे जायचं, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“द्या इकडे,” असं म्हणून त्यांनी दहाअकराच्या हातातली सुतळी घेतली.

पुढचा सव्वा तास भाऊसाहेब गटारापाशी उकिडवे बसून होते. पक्कड निघाली की ते नंबर पुकारायचे, एक विद्यार्थी यादीत खूण करायचा. पाने निघाले, छिन्नी निघाली, दोन हातोड्यांची डोकी निघाली. मध्येच एखादा नट यायचा, तो ते न बघता बाजूला टाकायचे. घड्याळ त्यांनी कधीच खिशात ठेवलं होतं, आणि ते अजून चालूच होतं. दहाअकराची पाठ ठणकत होती. एका मुलीने घडीची खुर्ची आणून दिली, ती प्राचार्यांची होती. दहाअकराने ती नाकारली आणि गाडीपाशीच उभी राहिली.

चौथा नट निघाला तेव्हा अडीच वाजत आले होते. मुलांना जेवायला सोडलं. ती जायला तयार नव्हती, त्यांना हाकलावं लागलं. प्राचार्य आत जाऊन गाडी विकणाऱ्यांना फोनवर चाकाबद्दल जाब विचारत होते. भाऊसाहेब हत्यारं धूत होते. शेडमध्ये दहाअकरा आणि तज्ज्ञ साहेब दोघंच उरले. तिने मूळचं चाक जागेवर चढवलं आणि नटांसाठी हात खाली नेला. नट साहेबांच्या मुठीत होते.

“हे मी लावू का?” ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी शेडच्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “चौतीस वर्षं कारखान्यात होतो. पण सगळी चौतीस दाराच्या मुठींच्या विभागात. बाहेरच्या मुठी. आतल्यांचा विभाग वेगळा होता.” मुठीतले नट चाळवत ते म्हणाले, “चाक कधी बदललं नाही. लोक तज्ज्ञ म्हणून बोलावतात. विचारायचं कुणाला?”

विषय ऐकून पडलेली ती आठी कशाची होती ते तिला आत्ता कळलं. ती हसली नाही. नऊ कामांत पहिल्या दिवशी आपण काय काय विचारायला लाजलो होतो, ते तिला स्पष्ट आठवत होतं.

“कोट काढा,” ती म्हणाली.

साहेब गुडघ्यांवर बसले. नट आधी हाताने फिरवायचा, पान्याने नाही, असं तिने सांगितलं. पहिला नट तिरका बसला. तिने तो काढायला लावला. दुसऱ्यांदाही तिरका बसला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ते एका कडेने ओळीने नट आवळत गेले. पाचही झाल्यावर ते कपाळ पुसत उठू लागले, तर तिने त्यांना थांबवलं.

“सगळे सैल करा. पुन्हा.”

“का? घट्ट बसलेत की.”

“एका कडेने आवळले की चाक वाकडं बसतं. एक सोडून एक घ्यायचा. आणि पाना उलटा धरलाय तुम्ही.”

साहेबांनी पाना पाहिला, सरळ केला, नट सैल केले आणि पुन्हा सुरुवात केली. शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. गाडी खाली उतरवून शेवटचा नट आवळताना त्यांच्या तोंडातून आपोआप एक हुंकार निघाला, आणि मग, दिवसभरात पहिल्यांदा, ते हसले. दहाअकराने प्रत्येक नट स्वतः तपासला. तिसऱ्याला पाव फेरा कमी पडला होता. तोही त्यांच्याकडूनच करून घेतला.

प्राचार्य बाहेर आले ते साहेबांना ओळखू शकले नाहीत. त्यांना वाटलं, गॅरेजमधून कुणी बोलावलंय.

निकालाचा कागद भाऊसाहेबांनी आणला. कपडे ओले, हात चिखलाचे, पण कागद कोरा करकरीत. ‘धडा वेळेत पूर्ण झाला का’ या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच लिहायचं होतं, आणि नियमाप्रमाणे ‘नाही’ लिहिलं की पुढे मार्क देता येत नव्हते. साहेबांनी ‘नाही’ लिहिलं. दहाअकराने गुंडाळी काखेत घेतली. तिला ते अपेक्षितच होतं. पण साहेबांचं पेन थांबलं नव्हतं. शेऱ्याच्या जागेत ते बारीक अक्षरात लिहीत होते आणि लिहून झाल्यावर कागद त्यांनी प्राचार्यांकडे सरकवला. प्राचार्यांनी मोठ्याने वाचलं:

“धडा चाळीस मिनिटांत पूर्ण झाला नाही, कारण उमेदवार अर्धवट सोडत नाहीत. सदर धड्यानंतर सदस्यास चाक बदलता येऊ लागले. नेमणूक करावी.”

असा शेरा नियमात बसतो का, असं प्राचार्यांनी भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेबांच्या मागे फरशीवर एकतीस हत्यारं ओळीने वाळत घातली होती. ते म्हणाले की नियमात शेऱ्याला मनाई कुठेच नाही, आणि त्यांनी लगेच शिक्का मारला. शिक्क्याला थोडा चिखल लागला. प्राचार्यांनी सही केली.

दहाअकराने हात पुसले आणि पुन्हा एकदा पुसले. सोमवारपासून या, असं प्राचार्य म्हणाले आणि घरी निघाले. गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. दारं आणि डिकी दुपारभर उघडी, आतले दिवे चालू, आणि पंप तर टायर फुटल्यावरही कुणी बंद केला नव्हता. नव्या गाडीची बॅटरी पार उतरली होती. प्राचार्यांनी काचेतून दहाअकराकडे पाहिलं.

“सोमवारी नको, उद्याच येते,” ती म्हणाली. “पहिला तास बॅटरीचा घेऊ. तोपर्यंत कुणी हात लावू नका.”

मी सोडतो घरी, असं म्हणत साहेबांनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं. प्राचार्य झगा सावरत पुढच्या सीटकडे निघाले, आणि मध्येच थांबले.

“चाक कुणी बसवलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” साहेब छाती काढून म्हणाले.

प्राचार्यांनी पुढच्या डाव्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते मागचं दार उघडून आत गेले आणि उजवीकडच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात, त्या चाकापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, अंग चोरून बसले.